मिंटनंतर जेंटू: अवघड डिस्ट्रो निवडण्याचं एक प्रकरण

लिनक्सवर बरीच वर्षं काढली की एक टप्पा असा येतो, जिथे मशीन आपल्याला काही विचारेनासं होतं. अपडेट येतात आणि लागतात, प्रिंटर आपोआप सापडतो, झाकण उघडलं की लॅपटॉप जागा होतो. काम सुरळीत चालू असतं, शिकणं मात्र थांबलेलं असतं. मग आता जरा अवघड डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा वेगळा तयार संच, घ्यावा असं मनात येतं आणि तीच ती नावं समोर येतात: आर्च, जेंटू, स्लॅकवेअर, व्हॉइड, निक्सओएस, एलएफएस. यांतून एक निवडायचा कसा, हे एका वापरकर्तीच्या प्रकरणावरून सविस्तर मांडायचं आहे. तिचं नाव देत नाही, बाकी तपशील तिच्या संमतीने दिले आहेत.

सुरुवातीची परिस्थिती

ती माझ्याबरोबर काम करते. सर्व्हर सांभाळणं हे तिचं रोजचं काम. कामावर डेबियन, स्वतःच्या लॅपटॉपवर आठ वर्षं लिनक्स मिंट. बॅश स्क्रिप्ट लिहिणं, एफएसटॅब हाताने बदलणं, सर्व्हिस चालवणाऱ्या सिस्टमडीची युनिट फाइल पहिल्या ओळीपासून लिहिणं, फायरवॉल, बॅकअप, एसएसएचच्या किल्ल्या, यांपैकी कशासाठीही तिला कुणाला विचारावं लागत नाही. अनुभवी वापरकर्ता म्हणताना जे अपेक्षित असतं, ते सगळं तिच्याकडे होतं.

तिची मागणी सरळ होती. “सगळ्यात अवघड कोणता ते सांग, तोच टाकते.”

“टाकून काय कळायला हवंय तुला?” मी विचारलं. त्यावर ती थांबली.

अवघड डिस्ट्रो असं आपण सरसकट म्हणतो, पण प्रत्येकाचा अवघडपणा वेगळ्या जागी असतो. आर्चचा तो इन्स्टॉल करताना थोडा आणि पुढे वर्षानुवर्षं अपडेट सांभाळताना जास्त. जेंटूचा पॅकेज बांधण्याच्या वेळी. स्लॅकवेअरचा डिपेन्डन्सी, म्हणजे एका पॅकेजला लागणारी दुसरी पॅकेजं, स्वतः लक्षात ठेवण्यात. निक्सओएसचा तर विचार करण्याच्या पद्धतीतच, कारण तिथे सिस्टिम जागच्या जागी हाताने बदलायचीच नसते. त्यामुळे आपल्याला जे कळत नाही ते ज्या थरावर आहे, त्याच थरावर हात घालायला लावणारा डिस्ट्रो शोधावा. भलत्याच थरावरचा अवघडपणा फक्त वेळ खातो, आणि अनुभवी माणूस सहसा तिथेच कंटाळून परत फिरतो.

म्हणून डिस्ट्रोची तुलना करण्याआधी मी तिला एक काम दिलं: आजवर मिंटवर आलेल्या ज्या अडचणी उत्तर न शोधता निव्वळ टाळल्या, त्या लिहून काढ. रीइन्स्टॉल करून टाळलेल्या, जुना कर्नल (सिस्टिमचा गाभा) निवडून टाळलेल्या, कुणीतरी दिलेली कमांड न समजता चिकटवून टाळलेल्या.

यादी छोटी आली, पण बोलकी होती. कर्नल अपडेट झाल्यावर कधीकधी स्क्रीन काळी राहते, ग्रब या बूटलोडरच्या मेनूतून जुना कर्नल घेतला की सगळं ठीक. का, ते माहीत नाही. बूट फोल्डरमध्ये इनिटरॅमएफएसची भलीमोठी फाइल असते; तिच्यात काय असतं आणि ती नसेल तर काय होईल, माहीत नाही. एखादं छोटं साधन टाकलं तरी ब्लूटूथची, छपाईची, डेटाबेसची लायब्ररी सोबत येते. ती नाकारता येते का, माहीत नाही. आणि सर्व्हिस कुठल्या क्रमाने सुरू होतात ते सिस्टमडीच्या आलेखात दिसतं, पण त्याआधीच्या काही सेकंदांत काय घडतं ते नाही.

चारपैकी तीन प्रश्न बूट आणि कर्नल यांचे, एक पॅकेज बांधताना होणाऱ्या निवडींचा. डेस्कटॉप, खिडक्या, थीम यांचा एकही नाही. अपडेट ताजे मिळत नाहीत अशीही तक्रार नाही. एवढ्यावर निम्मी निवड झालेली होती.

कोणते पर्याय का मागे पडले

सुरुवात आर्चपासून केली, कारण तिच्या मनात तोच पहिला होता. जड व्हिनेटने २००२ मध्ये सुरू केलेला हा डिस्ट्रो अवघड म्हणून ओळखला जातो तो मुख्यतः इन्स्टॉलमुळे: डिस्कचे पार्टिशन आपण करायचे, पॅकस्ट्रॅपने मूळ सिस्टिम उतरवायची, एफएसटॅब तयार करायची, नव्या सिस्टिममध्ये शिरून बूटलोडर बसवायचा. तिने व्हर्च्युअल मशीनमध्ये हे करून पाहिलं आणि एका संध्याकाळी संपवलं. “हे तर मी सर्व्हरवर करतेच की,” ती म्हणाली. खरं होतं. शिवाय एप्रिल २०२१ पासून आर्चच्या इन्स्टॉल माध्यमात आर्चइन्स्टॉल ही मेनूवाली सोय आहेच, म्हणजे तेवढीही हातमजुरी आता सक्तीची राहिलेली नाही.

आर्चची खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. एखादंच पॅकेज पुढे नेऊन बाकी सिस्टिम मागे ठेवणं तिथे मान्य नाही. अपडेट करायचा तर पूर्ण. अपडेटनंतर पॅकन्यू नावाने पडलेल्या नव्या कॉन्फिग फाइल आपण जुळवायच्या. अपडेटआधी प्रकल्पाच्या सूचना वाचायच्या. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ग्रबचा नवा अपडेट आला तेव्हा काहींची मशीन बूटच होईनात, कारण पॅकेजमधला ग्रब आणि डिस्कवर आधी बसवलेला ग्रब यांचा मेळ राहिला नव्हता. ग्रब पुन्हा बसवून कॉन्फिग नव्याने तयार करणं हा उपाय होता. एयूआर या वापरकर्त्यांनीच भरलेल्या भांडारातली पॅकेजं वापरायची तर त्यांच्या बांधणीच्या स्क्रिप्ट (पीकेजीबिल्ड) स्वतः वाचायच्या. २०२५ च्या जुलैमध्ये तिथे ब्राउझरच्या नावाखाली मालवेअर असलेली पॅकेजं सापडून काढून टाकावी लागली, त्यामुळे ही सवय शोभेची नाही. हे सगळं शिकण्यासारखं आहे आणि मला आर्च मनापासून आवडतो. पण तिच्या यादीतल्या प्रश्नांकडे तो तिला ढकलत नव्हता. आर्चचा कर्नल तयार येतो, इनिटरॅमएफएस आपोआप बनतो, पॅकेजं कुठल्या पर्यायांसह बांधायची ते आर्चची मंडळी ठरवतात.

स्लॅकवेअरवर फार वेळ गेला नाही. १९९३ मध्ये पॅट्रिक वोल्कर्डिंगने आणलेला आणि आजही तोच सांभाळत असलेला हा डिस्ट्रो वाचायला सुंदर आहे. त्याच्या आरसी.डी फोल्डरमधल्या बूट स्क्रिप्ट साध्या शेलमध्ये आहेत, कुणीही वाचाव्यात. पण त्याची पॅकेज साधनं डिपेन्डन्सी सोडवत नाहीत आणि स्थिर आवृत्त्यांमधलं अंतर मोठं असतं, १४.२ आली २०१६ मध्ये, १५.० आली २०२२ मध्ये. तिने स्क्रिप्ट वाचल्या, तेवढा लाभ घेतला, पुढे गेली.

एलएफएस, म्हणजे लिनक्स फ्रॉम स्क्रॅच, हे तिचं मोठं आकर्षण होतं. गेरार्ड बीकमन्सने १९९९ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प खरं तर डिस्ट्रो नाही; सोर्समधून सिस्टिम कशी उभी करायची याची ती पायरीपायरीची मार्गदर्शिका आहे. कंपायलर आधी तात्पुरता बांधायचा, त्याने सी लायब्ररी बांधायची, मग त्या वातावरणात शिरून सगळं पुन्हा बांधायचं. एकदा जरूर करावं असं हे काम आहे. पण त्यात पॅकेज मॅनेजर नसतो. सुरक्षेची एखादी त्रुटी जाहीर झाली तर कुठलं पॅकेज बांधायचं, त्यावर अवलंबून असलेलं काय काय पुन्हा बांधायचं, हे सगळं आपल्या वहीत. अशा सिस्टिमवर राहायचं ठरवलं तर काही महिन्यांत ती जुनी पडते. तिला वापरातली सिस्टिम हवी होती.

व्हॉइडने मात्र मला विचार करायला लावलं. नेटबीएसडीत काम केलेल्या हुआन रोमेरो पार्दिनेसने २००८ मध्ये तो सुरू केला. त्यात सिस्टमडी नाही, रनिट आहे. प्रत्येक सर्व्हिस म्हणजे एक फोल्डर, त्यात रन नावाची छोटी स्क्रिप्ट. फोल्डरचा दुवा ठरलेल्या जागी ठेवला की सर्व्हिस सुरू. सर्व्हिस कशा उभ्या राहतात हे समजून घ्यायला याहून मोकळी जागा क्वचितच मिळेल. पण हा तिचा चौथा प्रश्न, आणि चौथ्यातलाही अर्धाच. पॅकेजं व्हॉइडमध्येही बहुतेकदा तयार बांधलेलीच घेतली जातात.

निक्सओएस नाकारण्याआधी मात्र मी तिच्याशी बराच वेळ बोललो, कारण तो आज अनेक अनुभवी लोकांना ओढतो आणि त्यामागे भक्कम कारण आहे. एल्को डोल्स्त्राच्या २००६ च्या पीएचडी प्रबंधातून निक्सची पायाभरणी मांडली गेली. पूर्ण सिस्टिम एका कॉन्फिगमध्ये लिहायची, रीबिल्ड करायची. प्रत्येक रीबिल्डची वेगळी पिढी तयार होते आणि बिघडलं तर बूट मेनूतून मागची पिढी घ्यायची. पॅकेजं निक्स स्टोअरमध्ये आपापल्या हॅशच्या नावाने राहतात. ठरलेल्या जागी लायब्ररी नसतात, त्यामुळे बाहेरून आणलेला तयार बायनरी चालवायला गेलं तर फाइल समोर असूनही २०२४ पर्यंत ‘अशी फाइल नाही’ असा निरोप येत असे. प्रत्यक्षात सापडत नसे तो त्या फाइलने मागितलेला डायनॅमिक लोडर, म्हणजे लायब्ररी जोडून देणारा प्रोग्राम. हा निरोप समजून घेणं हाच एक चांगला धडा होता. पण निक्सओएस ज्या दुखण्यावरचा इलाज आहे ते दुखणं असं: या मशीनवर मी काय काय बदललं ते आता मला सांगता येत नाही, आणि दुसऱ्या मशीनवर तसंच उभं करता येत नाही. तिचं ते दुखणं नव्हतं. सर्व्हरची कॉन्फिग ती आधीपासून नीट आवृत्तीत ठेवते. शिवाय निक्सओएस तिला बिघडलेल्या बूटपासून वाचवणार, आणि तिला तर बूट बिघडतो कसा हेच पाहायचं होतं.

उरला जेंटू. डॅनियल रॉबिन्सच्या या डिस्ट्रोची १.० आवृत्ती २००२ मध्ये आली. यात पॅकेजं सोर्समधून बांधणं हीच मूळ रीत आहे, आणि बांधताना कोणती वैशिष्ट्यं घ्यायची ते यूज फ्लॅगने आपण ठरवतो. कर्नल स्वतः कॉन्फिगर करता येतो, इनिटरॅमएफएस ठेवायचा की नाही हे ठरवता येतं, सर्व्हिस चालवायला ओपनआरसी घ्यायचं की सिस्टमडी हेही. यादीतले चारही प्रश्न इथे टाळता येणार नव्हते.

इथे एक सांगायला हवं. जेंटू वेगासाठी घ्यावा, असं अजूनही सांगितलं जातं. आपल्या प्रोसेसरसाठी कंपाइल केलं की मशीन पळेल, अशी ती आशा. रोजच्या डेस्कटॉप वापरात हा फरक बहुतेकदा जाणवतही नाही, आणि कंपाइल करण्यात गेलेला वेळ त्याने भरून निघत नाही. या आशेवर कुणी जेंटू घेऊ नये. तो घ्यावा तो निवड आपल्या हातात हवी म्हणून.

ही निवड किती महत्त्वाची असते, हे २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड या फाइल लहान करणाऱ्या साधनाच्या प्रकरणात सगळ्यांनी पाहिलं. एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये कुणीतरी मागचं दार बसवलं होतं. डेबियनच्या अस्थिर (सिड) आवृत्तीवर एसएसएचला अर्धा सेकंद उशीर का होतोय याचा शोध घेताना आंद्रेस फ्रॉइंडच्या ते लक्षात आलं. निशाणा एसएसएचचा सर्व्हर होता, पण ओपनएसएसएच स्वतःहून एक्सझेडची लायब्ररी वापरतच नाही. डेबियन, फेडोरा वगैरेंनी सिस्टमडीला सूचना देता यावी म्हणून त्यात आपला पॅच लावला होता, त्यातून सिस्टमडीची लायब्ररी आली आणि तिच्यामागून एक्सझेडची. आर्चमध्येही ती आवृत्ती पोहोचली होती, पण तिथे तो पॅच नसल्याने हा रस्ता बंद होता. पॅकेज बांधताना काय जोडलं जातं, हा तिचा तिसरा प्रश्न किती योग्य होता हे तिला यातून पटलं.

अटी

निर्णय घेताना काही गोष्टी आधीच ठरवल्या. कामाच्या लॅपटॉपवर मिंट राहील, त्याला हात लावायचा नाही. जेंटू जाईल दुसऱ्या, जुन्या लॅपटॉपवर: चार कोर, आठ थ्रेड, आठ जीबी रॅम, एनव्हीएमई डिस्क. लाइव्ह यूएसबी कायम जवळ. काही बिघडलं तर रीइन्स्टॉल करायचं नाही, यूएसबीवरून बूट करून, डिस्क माउंट करून, आत शिरून दुरुस्त करायचं. आणि तीन महिन्यांनी पाहायचं: यादीतल्या प्रश्नांची उत्तरं मिळाली नसतील आणि नुसतं कंपाइल होताना बघत बसणं चाललं असेल, तर जेंटू काढून टाकायचा.

रीइन्स्टॉलवरची बंदी ही यातली सर्वांत महत्त्वाची अट. अनुभवी माणसाला नव्याने इन्स्टॉल करायला इतका कमी वेळ लागतो की बिघाडाचं कारण शोधण्याची वेळच येत नाही.

बूट होत नाही

स्टेज-३ (जेंटूची पायाभूत सिस्टिम) उतरवणं, मेक.कॉन्फ (बांधणीच्या पर्यायांची फाइल) लिहिणं, प्रोफाइल (मूळ पर्यायांचा संच) निवडणं हे भरभर झालं. जेंटूमध्ये तयार कॉन्फिगचा कर्नलही मिळतो, त्यासोबत इनिटरॅमएफएस बनवून देण्याची सोय असते, आणि बहुतेकांनी तोच घ्यावा. तिने मुद्दाम सोर्स घेतला आणि इनिटरॅमएफएस नको असं ठरवलं.

कर्नलमध्ये हजारो पर्याय असतात. त्यातून वाट काढायला तिने ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ वापरलं. चालू सिस्टिममध्ये जी मॉड्यूल (कर्नलला गरजेनुसार जोडता येणारे तुकडे) लोड झालेली आहेत तेवढीच ठेवून बाकीची हे काढून टाकतं. कर्नल लवकर बांधून झाला. रीबूट केल्यावर कर्नल पॅनिक, म्हणजे कर्नल जागीच थांबला: रूट फाइलसिस्टिम माउंट करता येत नाही, अननोन-ब्लॉक(०,०). त्याच्या वर उपलब्ध पार्टिशनची यादी छापलेली असते. तिच्यात डिस्कचं नावच नव्हतं.

स्क्रीनचा फोटो घेऊन ती विचार करत बसली. कर्नलला डिस्क दिसत नाही म्हणजे एनव्हीएमईचा ड्रायव्हर नाही. पण तो तर निवडलेला होता. निवडलेला होता, मॉड्यूल म्हणून. मॉड्यूलची फाइल असते रूट फाइलसिस्टिमवर, आणि रूट फाइलसिस्टिम ज्या डिस्कवर आहे ती दिसायला तोच ड्रायव्हर हवा. हा पेच इतर डिस्ट्रोंमध्ये इनिटरॅमएफएस सोडवतो: तो बूटलोडरच कर्नलबरोबर मेमरीत आणून ठेवतो आणि त्यात लागणारी मॉड्यूल असतात. तिच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्या फोटोत होतं.

ड्रायव्हर कर्नलच्या आतच बसवून पुन्हा बांधला. पुन्हा पॅनिक, पुन्हा (०,०). या वेळी मात्र यादीत डिस्क आणि तिचे सगळे पार्टिशन दिसत होते. म्हणजे ड्रायव्हर चालतोय, पण ‘रूट’ म्हणून जे सांगितलं ते कर्नलला कळत नाहीये. तिने बूटच्या ओळीत मिंटच्या सवयीने फाइलसिस्टिमची यूयूआयडी (तिचा ओळख क्रमांक) दिली होती. ती वाचून पार्टिशन शोधण्याचं काम कर्नल करत नाही. ते इनिटरॅमएफएसमधली साधनं करतात. कर्नलला स्वतःला कळते ती पार्टयूयूआयडी, जी पार्टिशन टेबलमध्ये असते, किंवा थेट डिव्हाइसचं नाव.

पार्टयूयूआयडी दिली. तिसरं पॅनिक: अननोन-ब्लॉक(२५९,३). “आकडे बदलले!” असा तिचा निरोप आला, आणि तिला झालेला आनंद अगदी रास्त होता. २५९ हा एनव्हीएमई पार्टिशनना मिळणारा मेजर क्रमांक आणि ३ म्हणजे तिचं तिसरं पार्टिशन. म्हणजे कर्नल नेमक्या जागी पोहोचला, पण तिथली फाइलसिस्टिम त्याला वाचता येत नाही. ईएक्सटी४ सुद्धा मॉड्यूल म्हणूनच राहिली होती. ती आत घेतली आणि लॉगिनचा प्रॉम्प्ट आला.

तीन पॅनिक, दिसायला जवळजवळ सारखी, आणि प्रत्येकात बूटची एकेक पायरी पुढे. ड्रायव्हर, मग नाव, मग फाइलसिस्टिम. हा क्रम तिला आता कुणी पाठ करून घ्यायची गरज नाही. ‘मेक लोकलयेसकॉन्फिग’ने लोड झालेली मॉड्यूल थेट कर्नलच्या आत घेता येतात हे तिला नंतर कळलं, ते आधी कळलं असतं तर पहिलं आणि तिसरं पॅनिक आलंच नसतं आणि यातलं बरंचसं दिसलंच नसतं.

पॅकेजांच्या बाजूचं शिक्षण

इथे पेच वेगळ्या जातीचे होते. मेक.कॉन्फमध्ये तिने ब्लूटूथ आणि छपाई नको असं लिहिलं, आणि पॅकेजं त्यांच्याशिवाय बांधली गेली. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एवढ्यात मिळालं, पण त्याची किंमत डेस्कटॉप बांधताना कळली. पॅकेज बांधणाऱ्या इमर्ज कमांडने फ्रीटाइप आणि हार्फबझ (अक्षरं रेखाटणाऱ्या लायब्ररी) यांचं वर्तुळ दाखवून काम थांबवलं: फ्रीटाइप बांधायला हार्फबझ आधी हवं, हार्फबझ बांधायला फ्रीटाइप आधी हवं. तयार बायनरीच्या जगात हा प्रश्न आपल्यापर्यंत येतच नाही, कारण कुणीतरी तो आधीच सोडवलेला असतो. जेंटूचा पॅकेज मॅनेजर पोर्टेज याने कोणता फ्लॅग बदलला तर वर्तुळ तुटेल हेही सुचवलं होतं. हार्फबझचा फ्लॅग काढून फ्रीटाइप एकदा बांधलं, मग हार्फबझ, मग फ्लॅग परत लावून फ्रीटाइप पुन्हा. इमर्जचे लांबलचक निरोप शेवटपर्यंत वाचायची सवय तिला इथे लागली. जेंटूवर टिकणारे आणि सोडून जाणारे यांच्यात मला दिसणारा मोठा फरक हाच आहे.

मेमरीचा धडा थोडक्यात. आठ थ्रेड म्हणून तिने एका वेळी आठ कंपाइल चालू ठेवली. एका मोठ्या सी++ पॅकेजच्या मध्यावर कंपायलर ‘किल्ड’ म्हणून मेला. कर्नलच्या नोंदींमध्ये (डीमेसेज) पाहिलं तर मेमरी संपल्यामुळे कर्नलनेच त्याला मारलं होतं. प्रत्येक कामामागे साधारण दोन जीबी रॅम धरावी असं जेंटूची मार्गदर्शिका सांगते. आठ जीबीवर चार. आकडा चारवर आणला, प्रश्न मिटला.

रस्ट, एलएलव्हीएम, वेबकिट यांसारखी अवजड पॅकेजं घरी बांधून नवीन काही कळत नाही. डिसेंबर २०२३ पासून जेंटू स्वतःच तयार बायनरी पॅकेजं पुरवतो. आपले यूज फ्लॅग त्यांच्याशी जुळले तर ती घेता येतात, नाहीतर सोर्स आहेच. तिने मोठी पॅकेजं तिकडून घेतली आणि ज्यांत तिला निवड करायची होती ती स्वतः बांधली. शुद्ध सोर्सचा हट्ट धरला नाही, आणि मला ते योग्य वाटतं. लॅपटॉप रात्रभर तापवून ब्राउझर बांधण्यात पराक्रम नाही.

तीन महिन्यांनी

यादी पुन्हा समोर ठेवली. इनिटरॅमएफएस, यूज फ्लॅग, बूटचे पहिले सेकंद, या तिन्हींची उत्तरं ती आता दुसऱ्याला समजावून देते. ओपनआरसी निवडल्यामुळे सर्व्हिसच्या स्क्रिप्टही तिने वाचून काढल्या.

काळ्या स्क्रीनचा प्रश्न सुटला तो मिंटवर. दरम्यानच्या काळात तिथे कर्नल अपडेट आला आणि स्क्रीन पुन्हा काळी झाली. जेंटूवर एक गोष्ट तिने शिकली होती: कर्नलच्या मूळ सोर्सबाहेरचं मॉड्यूल प्रत्येक नव्या कर्नलसाठी नव्याने बांधावं लागतं. मिंटवर हे काम डीकेएमएस हे साधन गुपचूप करतं. तिने जुन्या कर्नलवर बूट करून डीकेएमएसची स्थिती पाहिली. ग्राफिक्सचं मॉड्यूल नव्या कर्नलसाठी बांधलंच गेलं नव्हतं, कारण त्या कर्नलच्या हेडर फाइल्सचं पॅकेज (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या फाइल) मशीनवर नव्हतं. हेडर टाकले, मॉड्यूल बांधलं गेलं, स्क्रीन आली. मिंट तेच, मशीन तेच. या प्रकरणातलं मला सर्वांत मोलाचं वाटणारं फळ हे आहे, कारण ते अवघड डिस्ट्रोच्या बाहेर मिळालं.

खर्चही झाला. अपडेट लांबवले की जेंटूवर कामाचा डोंगर साचतो, हे तिने एकदा अनुभवलं. आठवड्याला एकदा अपडेट आणि लगेच कॉन्फिग फाइल जुळवणं हा नियम त्यानंतरचा. मोठे बदल येतात तेव्हा सूचना वाचून पायऱ्या क्रमानेच कराव्या लागतात. मार्च २०२४ मध्ये आलेल्या २३.० प्रोफाइलसाठी जुन्या मशीनवरची जवळजवळ सगळी पॅकेजं पुन्हा बांधावी लागली होती. एवढा वेळ ज्याच्याकडे नाही त्याने जेंटू मुख्य मशीनवर ठेवू नये. तिनेही ठेवलेला नाही आणि ठेवायचा विचारही नाही.

निवड कधी वेगळी झाली असती

तिच्या यादीत ‘सगळी मशीन एकसारखी राहत नाहीत’ असं पहिलं वाक्य असतं, तर मी निक्सओएस सुचवला असता आणि बूटचा विषय काढलाही नसता. ‘सर्व्हिस सुरू होतात कशा’ एवढाच प्रश्न असता, तर व्हॉइड. तो मुख्य मशीनवरही आरामात राहतो. सॉफ्टवेअर ताजं हवं आणि सिस्टिम आपल्या हाताने रचायची आहे, पण कंपाइल नको, अशा माणसाला आर्चच बरा, आणि त्याने आर्चइन्स्टॉल वापरलं म्हणून काही बिघडत नाही. ज्याला यादीच करता येत नाही त्याने घाई करू नये. आहे त्या डिस्ट्रोवर पुढचा बिघाड झाला की रीइन्स्टॉल न करता त्याच्या मुळाशी जावं; यादी तिथूनच सुरू होते.

दुसरा लॅपटॉप नसला तरी अडत नाही. यूज फ्लॅग आणि पॅकेजांचं शिक्षण व्हर्च्युअल मशीनमध्ये होतं. बूटचं शिक्षण खऱ्या हार्डवेअरवर जास्त होतं, आणि त्यासाठी यूएसबीने जोडलेली एसएसडी पुरते. मुख्य डिस्कला धक्का लागत नाही, पार्टिशन करताना फक्त डिव्हाइसचं नाव दोनदा पाहून घ्यावं. इनिटरॅमएफएसशिवाय बूट करायचं असेल तर बूटच्या ओळीत ‘रूटवेट’ हा पर्याय द्यावा. यूएसबीवरची डिस्क सापडायला कर्नलला थोडा अवकाश लागतो, आणि हा पर्याय नसेल तर तो न थांबता पुढे जातो आणि (०,०) चं पॅनिक देतो.